प्रवासाच्या सऱ्या

परवा गुरुवारी सकाळी, वांग्याच्या वाफ्यात, माझे वडील श्री. धोंडीराम सावळीराम विधाते यांनी हातातले खुरपे मातीत रोवले आणि माझ्याकडे न बघता म्हटले, "नांदगावला गेलास तर या घराला तू मेलास असं समज." त्या क्षणी माझी कायदेशीर स्थिती बदलली. मी आज नांदगावला जात आहे. म्हणजे आजपासून या घरापुरता मी मयत. मयताच्या नावावर दहा गुंठे जमीन आणि काही किरकोळ वस्तू आहेत, त्यांची वासलात लावणे भाग आहे.

सबब मी, दीपक धोंडीराम विधाते, वय बावीस, धंदा फुलशेती, शिक्षण बी.कॉम. दुसऱ्या वर्षापर्यंत (पुढचे सोडले), राहणार मखमलाबाद, नाशिक, हे पत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी शिकवलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. घरच्यांचे याबाबत वेगळे मत आहे, त्याची नोंद घेतली. तब्येत ठणठणीत असून खरोखर मरण्याचा काडीइतका विचार नाही. उलट पुढची पन्नास वर्षे जगण्याचे ठोस कारण नांदगावात आहे. तिचे नाव दिशा.

वाचणारा परका असेल तर त्याला आमच्या घरातली खुंटी माहीत नसणार. आषाढात झेंडूची लावण होते त्या दिवशी आमचे सगळे घर बांधावर उभे राहते. वडील, म्हणजे आण्णा, शेताच्या एका कडेपासून सऱ्या मोजत जातात आणि एका सरीच्या तोंडाशी खुंटी ठोकतात. खुंटीच्या अलीकडच्या सऱ्या प्रवासाच्या. दसऱ्याला फूलबाजारात त्या सऱ्यांचे जे येईल तेवढेच वर्षभराचे जाणे-येणे. परगावचे लग्न, देवदर्शन, कोणाकडे भेटायला जाणे, सगळे त्यात. खुंटीच्या पलीकडचे फूल प्रवासाला लागत नाही. एका वर्षी नेमक्या त्याच सऱ्यांवर करपा पडला, तर आईला सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नाला जाता आले नाही. दुसऱ्या वर्षी भाव इतका चढला की वैशाखापर्यंत खर्च संपेना. नियम म्हणजे नियम, म्हणून आण्णांनी सगळ्यांना भर उन्हात वेरूळला नेले. लेण्यांत सगळे सावली बघून झोपले.

नियमाला कारण आहे, हे मी मान्य करतो. आजोबा सावळीराम एका वर्षी बारा माणसे घेऊन काशीला गेले आणि त्या खर्चापायी रस्त्याकडेचा तुकडा विकून बसले. आज त्या तुकड्यावर मंगल कार्यालय उभे आहे. आमच्या घरातली लग्ने तिथेच होतात, भाडे भरून. आण्णा त्या कार्यालयात जेवायला बसले की पंगतीत कोणाशी बोलत नाहीत.

गेल्या आषाढात खुंटी चौथ्या सरीला होती. मार्गशीर्षात थोरला भाऊ भारत याचे लग्न झाले. तो आणि प्रतिभावहिनी महाबळेश्वरला जाऊन आले आणि चारही सऱ्या तिथे संपल्या. येताना त्यांनी स्ट्रॉबेरीचा जाम आणला. मी तो खाल्ला नाही. नंतर थोडा खाल्ला, पण रागाने.

माघात दिशाचे मामा सातपूरहून आमच्याकडे आले. दिशा त्यांच्याकडे राहून कॉलेज करत होती, तिथेच आमची ओळख. पहिल्या वर्षानंतर ती नांदगावला परत गेली, आणि त्या वर्गात बसण्यासारखे काही उरले नाही म्हणून दुसरे वर्ष संपवून मीही कॉलेज सोडले. याबद्दल घरात जे बोलले गेले ते इथे लिहीत नाही, कागद कमी आहे. मामा कारखान्याच्या पहिल्या पाळीवरून थेट आले होते. म्हणाले, "मुलगी आपल्यातलीच आहे. तिच्या वडिलांची ना नाही. तुमच्याकडची चार मोठी माणसं येऊन रीतीप्रमाणे मागणी घालून जाऊ देत, बस."

आण्णा म्हणाले, "येऊ की. पर यंदाचा प्रवास संपला. दसरा झाला की येतो."

मामांना ती थट्टा वाटली. ते हसले. आण्णा हसले नाहीत. मामांनी अर्धा चहा बशीतच ठेवला.

मी बूथवरून नांदगावला फोन लावला. दिशा म्हणाली, "दसऱ्याला? तुम्हा लोकांना नांदगावला यायचंय का लंडनला?"

"आण्णांचा नियम आहे गं."

"मग आण्णांशीच संसार कर." तिने फोन आपटला. मी परत लावला. तिने उचलला. दोघेही बोललो नाही. बूथवाला मीटरकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता.

आण्णांना मी सांगितले की जीप मी करतो, माझ्या दहा गुंठ्यांतून. त्यांचे उत्तर: "गुंठे तुझे असतील, बांध एकच हाय." दोनदा मी एकटाच गाडीने नांदगावला गेलो आणि स्टेशनवर चहा पिऊन परत आलो. मोठ्या माणसाशिवाय मुलीच्या दारात उभे राहायचे म्हणजे तिच्या बापाचा अपमान, इतके मलाही कळते. बुधवारी मामांचा निरोप आला. उद्या रविवारी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मनमाडचे स्थळ त्या दिवशी तिच्याकडे येत आहे, पसंती झाली तर तिथेच सुपारी फुटेल. तिच्या वडिलांनी आमची तीन महिने वाट पाहिली, त्यांना मी दोष देत नाही.

आता व्यवस्था.

कलम १. आजोबांनी माझ्या नावावर ठेवलेले दहा गुंठे मी माझी आई सौ. लताबाई धोंडीराम विधाते हिला देतो. पुढे तिने ते कोणाला द्यायचे ते तिने ठरवावे. तिला कोणी सल्ला देऊ नये. ती ऐकून घेते, म्हणून लोक देतात.

कलम २. या दहा गुंठ्यांत झेंडूच्या चोवीस सऱ्या बसतात. त्यांपैकी सहा दरवर्षी प्रवासाच्या राहतील. सहाच का, तर चार पुरत नाहीत हे या वर्षी सिद्ध झाले, आणि आठ केल्या तर आण्णा म्हणतात तसे पुन्हा मंगल कार्यालय उभे राहील. मीही फुले विकली आहेत, मला हिशेब कळत नाही असे नाही. दोन सऱ्या लग्नकार्याच्या आणि दुःखाच्या जाण्या-येण्याच्या. एक देवाची. दोन आईच्या एकटीच्या. आईला कुठे जायचे आहे असे मी एकदा विचारले होते. ती म्हणाली, "कुठं नाय. कुठंतरी खाटेवर बसावं आन दुसऱ्या कोणी चहा आणून द्यावा, एवढंच." हे घरात बसून होण्यासारखे असते तर बावीस वर्षांत मी एकदा तरी पाहिले असते. तरी तिला ज्या गावात चांगले लॉज आहे अशा कोणत्याही गावी दोन रात्री न्यावे. सोबत डबे बांधायला लावू नयेत.

उरलेली सहावी सरी मोकळी राहील. तिच्यावर लावणीच्या दिवशी कोणाचे नाव घालायचे नाही. माघात काय होणार आहे हे आषाढात बांधावर उभे राहून कोणालाच दिसत नाही, आण्णांनाही नाही. ज्याला अचानक निघावे लागेल त्याने ती वापरावी.

कलम ३. लुना आणि पाठीवरचा फवारणी पंप भारतभाऊला. पंपाचा पट्टा उजव्या खांद्याला काचतो, हे मी त्याला मुद्दाम सांगितले नव्हते. आता सांगतो. त्याच्याबद्दल राग शिल्लक होता, तो या कलमात संपला असे धरावे.

कलम ४. टेपरेकॉर्डर प्रतिभावहिनीला. मामा अर्धा चहा ठेवून गेले तेव्हा या घरात फक्त ती म्हणाली होती, "आम्ही दोन दिवस कमी राहिलो असतो तर झालं असतं ना?" भाऊने तिला गप्प बसवले. तिने पुन्हा बोलावे.

कलम ५. माळ्यावर स्टीलचा एक डबा आहे, झाकणावर दिशाच्या मामींचे नाव कोरलेले आहे. दिशाने तो मला कॉलेजच्या पायरीवर दिला होता, आत साबुदाण्याची खिचडी होती. मी तीन वर्षे परत केला नाही. तो कोणालाही देत नाही. सोबत नेतो.

कलम ६. कॉलेजची पुस्तके रद्दीत द्यावीत. अकाउंटचे आधी बाजूला ठेवावे, त्याच्या मागच्या पानावर माझी काही खाजगी गणिते आहेत, ती फाडून मग द्यावे.

कलम ७. माझे वडील श्री. धोंडीराम सावळीराम विधाते यांना मी काहीही देत नाही. त्यांनी मला जे द्यायला हवे होते ते म्हणजे जाता-येता चार तास गाडीत शेजारी बसणे. ते त्यांनी दिले नाही. मला त्याबद्दल जास्त लिहायचे नाही.

इथवर लिहून झाल्यावर शेजारचे कारभारीकाका यांना बोलावले. ते नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले असून त्यांची वाटणीची केस अकरा वर्षे चालली, त्यामुळे त्यांना कायदा येतो. त्यांनी पत्र ओसरीवर मोठ्याने वाचले. जामाच्या जागी हसले, सातव्या कलमाच्या जागी खाकरले. मग म्हणाले, "एक साक्षीदार मी. दुसरा कोण? ज्याला यात काही मिळतंय तो नको, उद्या कोणी भांडलं तर त्याचीच साक्ष पहिली काढतात."

मी म्हणालो, घरात सगळ्यांनाच काही ना काही दिले आहे.

काका खाटेकडे वळले. "धोंडीभाऊ, पोरानं तुम्हाला फुटकी कवडी दिलेली नाही. तुम्ही एकदम पात्र आहात."

आण्णा गुरुवारपासून माझ्याशी बोलत नाहीत, जे बोलायचे ते तिसऱ्याला उद्देशून बोलतात. त्यांनी चष्मा लावला, कागद घेतला आणि पहिल्या अक्षरापासून वाचला. दुसऱ्या कलमावर थांबले. "कारभारी, मयताला विचार. सहा कशाला? पाच लय झाल्या."

मी म्हणालो, "काका, त्यांना सांगा, सहाच."

आतून आई म्हणाली, "सहा राहू द्या." ती या विषयावर पहिल्यांदाच बोलली. आण्णांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितले आणि बोट पुढे सरकवले.

"आन ही मोकळी सरी? जो उठंल तो निघंल. उद्या कोण कुठं गेला ते घरात कळायचं नाय. आमच्या बापाचं असंच झालं. काशीवरनं परत आले तवा कळलं, तुकडा कुठं गेला ते." काशीच्या वर्षी आण्णा आठ वर्षांचे होते. तुकड्याबद्दल त्यांना शेजाऱ्याने सांगितले होते. हे मला आज, त्यांच्याच तोंडून कळले.

त्यांनी खिशातले पेन काढून दुसऱ्या कलमाच्या शेवटच्या वाक्यात स्वतःच्या अक्षरात भर घातली. वाक्य आता असे वाचावे: ज्याला अचानक निघावे लागेल त्याने ती वापरावी, *पण घरात तोंडाने सांगून निघावे*. ही दुरुस्ती मला मान्य आहे. बाजूला आम्हा दोघांच्या छोट्या सह्या आहेत.

दुरुस्ती तात्काळ लागू होत असल्याने मी उभा राहून सांगितले, "मी नांदगावला जातोय. दिशाला मागणी घालायला."

आण्णा म्हणाले, "कारभारी, ऐकलं म्हण." सातवे कलम त्यांनी वाचले. त्यात काही बदलले नाही. सही केली.

मृत्युपत्र करणार: दीपक धोंडीराम विधाते
साक्षीदार: १. कारभारी सहादू थोरात, शेजारी
२. धोंडीराम सावळीराम विधाते, वडील
स्थळ: मखमलाबाद, नाशिक
दिनांक: ३ मे २००३, शनिवार

ताजा कलम. सह्यांनंतर घडले ते नोंदवून ठेवतो, म्हणजे उद्या वाद नको. कारभारीकाका म्हणाले, "कागद झाला झकास. पण मेलेल्याला पोरगी कोण देईल रे? आणि सोबत मोठं माणूस कोण?"

आई बाहेर आली. अंगावर हिरवे इरकल, हातात पिशवी. "मी चालले त्याच्यासंगं."

आण्णा म्हणाले, "बाया मागणी घालाया जात नसत्यात."

आई म्हणाली, "पुरुष जाईनात, मग काय करावं?" आणि चपला घालून पायऱ्या उतरली. रिक्षा फाटकाशी उभी आहे, ती आत बसली आहे. मनमाडच्या लोकांच्या आधी, आज संध्याकाळी आम्ही त्या दारात असू. पुढे दिशाचे वडील काय म्हणतील ते त्यांचे.

हा कागद मी खाटेवर आण्णांच्या शेजारी ठेवत आहे. त्यांचा चष्मा अजून डोळ्यांवर आहे. मी उंबऱ्यापर्यंत गेल्यावर ते म्हणाले, "दार ओढून घे रे. मांजर आत येतं." एवढे लिहिण्यापुरता मी परत आलो. आता पेन ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.