दांड्यावरची निळी पट्टी

सेमारांग,
९ ऑगस्ट

प्रिय विरातमोदादा,

सलाम. आईचा खोकला कमी झाला का? तिला सांग, इथेही मेगोनो भात मिळतो, पण फणस तिच्यासारखा कोणी बारीक चिरत नाही. माझ्या कानाला टाके पडलेत. केसांखाली झाकले जातात, तेव्हा तिला एवढ्यात बोलू नकोस.

फोनवर तू म्हणालास, सोमवारी तू गिरणीवर नव्हतास. म्हणून सगळं लिहिते.

दिवाळखोर गिरणीचा ताबा न्यायालयाने हर्तिनीबाईंकडे दिलाय आणि मी त्यांच्या हाताखालची वकील, हे तुला ठाऊकच आहे. माग विकून आधी तुमची थकलेली मजुरी द्यायची, बँकेचं नंतर, हे मी फाटकासमोरच्या मांडवात घसा बसेपर्यंत सांगितलं. तरी प्रत्येकाने आपापल्या मागाचा धोटा मारायचा दांडा काढून घरी नेला. म्हणे तारण. दांड्याशिवाय माग भंगारात जाईल आणि त्याबरोबर तुमची मजुरीही. सोमवारी मी दांडे परत मागायला गेले.

"आल्या वकीलबाई," कोणीतरी म्हणालं. "भावाच्या मजुरीवर शिकली, आता त्याच्याच मागाला सील लावते."

"सील जपून लाव गं, नाहीतर भाऊच चिकटायचा."

सगळे हसले. मीही हसले.

मग घरी नेलेलेच दांडे घेऊन जमावाने फाटक पाडलं. पहिला दगड माझ्या कानावर बसला. राखणदार दर्सोनोकाका मध्ये आले. "पोरीला जाऊ द्या रे, आपल्याच..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही. दांडा तोंडावर बसला. त्यांचे दात माझ्या बाहीवर उडाले. ते पडले, तरी दांडा डोक्यावर पडतच राहिला. नारळ फोडताना होतो तसा आवाज होता. मी त्यांच्या अंगावर आडवी झाले, तेव्हा मारणाऱ्याचा हात वरच थांबला. तोंडाला फडकं होतं. दांडा टाकून तो पळाला.

काकांचा उजवा डोळा गेला. अजून शुद्ध नाही.

पोलिसांनी तुझ्या शेजारच्या मागावरच्या कस्मोला धरून इथे आणलंय. चौकशीत त्याची दोन बोटं मोडलीत. "मी नव्हतो" एवढंच म्हणतो, दुसऱ्या कोणाचं नाव घेत नाही.

आज त्यांनी तो टाकलेला दांडा माझ्यापुढे ठेवला. "कोणाचा, ओळखता?" मुठीला निळी पट्टी होती, आईच्या जुन्या बाटिकची, शिवणीत मोराची मान कापली गेलेली. ती मीच शिवली होती. तू माझ्या फीसाठी दोन-दोन पाळ्या करायचास आणि तुझे तळवे सोलून निघायचे, तेव्हा. पट्टीवर काकांचे पांढरे केस चिकटले होते.

"उद्या सांगते," म्हणाले. खाली येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

दादा, तू माझ्यासाठी थांबलास, हे मला कळलं. पण आधी थांबला नाहीस.

पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, रात्रीपर्यंत पोचेल. उद्या सकाळी इथल्या ठाण्याबाहेरच्या बाकावर मी बसलेली असेन. तू आलास तर तुझा हात धरून आत येईन. दुपारच्या नमाजापर्यंत आला नाहीस, तर एकटी जाईन आणि तुझं नाव सांगेन. कस्मोला अजून आठ बोटं आहेत.

निघण्याआधी सगळ्यांना दांडे परत करायला सांग. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

तू शिकवलेली,
लस्त्री