तसबिरीतला सुधाकर

सौंसर,
२० ऑगस्ट २०२४

चि. स्मितास दादाचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. सुधाकरसारखा मित्र गेल्यापासून लोक फोनवर आवाज बारीक करून बोलून राहिले आणि शेवटी मलाच त्यांची समजूत काढावी लागते. पत्रात आवाज नसतो, म्हणून हे पत्र.

मी बरा आहे. जेवून राहिलो, झोपून राहिलो, रंगकामाचं दुकान उघडून राहिलो. तो गेल्यावर पहिल्याच रविवारी त्याच्या शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. जन्मभर त्याने तिथे मराठी शिकवलं आणि बॅनरवर नेमकं 'श्रध्दांजली' चुकीचं लिहिलं होतं. हे त्याला दाखवावं म्हणून मी शेजारी वळलो. तिथे पोस्टमास्तर बसले होते. पहिल्या वक्त्याने स्वतःविषयी सांगितलं, दुसऱ्यानेही स्वतःविषयीच सांगितलं. सुधाकरसाठी वेळ उरला नाही, तेव्हा सर्वांनी उभं राहून मौन पाळलं. भाषणांपेक्षा ते बरं झालं.

त्यानंतर रामाकोन्याला भजनस्पर्धा झाली, तिथे गेलो. इथल्या कवी संमेलनालाही गेलो. एक कवी स्वतःच्याच कवितेने इतका रडला की माईक पुसावा लागला. अशा वेळी सुधाकर आणि मी हसायला बाहेर सटकायचो. एकट्याला बाहेर जाऊन हसता येत नाही, म्हणून पूर्ण ऐकलं. पुढे गणपतीचे कार्यक्रम आहेत. सगळ्यांना जाणार.

विजयमालावहिनींनी नवऱ्याची तसबीर माझ्याकडून काढून मागितली आहे. करतो म्हटलं.

लोभ असू दे. वाढवायची घाई नाही.
तुझा दादा,
अरविंद

---

पांढुर्णा,
१९ सप्टेंबर २०२४

ती. दादास स्मिताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोहोचलं. वाचून रडले आणि मग हसले, म्हणजे जे तू फोनवर होऊ देत नाहीस ते दोन्ही झालं.

परवा विजयमालावहिनी इकडे तृप्तीकडे आल्या होत्या. लेकीला काय वाटेल म्हणून तिच्यासमोर काही बोलल्या नाहीत. मी त्यांना बसवर सोडायला गेले तेव्हा म्हणाल्या की अरविंदभाऊ तेरवीनंतर एकदाही घरी आले नाहीत. काऊन रे दादा? रामाकोन्याची भजनं होतात, कवी संमेलन होतं, गणपतीचा एक कार्यक्रम सुटत नाही, आणि दोन गल्ल्या सोडून असलेलं घर होत नाही?

तसबिरीचंही त्यांनी विचारलं. मी काय सांगणार? सौंसरच्या अर्ध्या बैठकींमध्ये तू काढलेले आजे-पणजे टांगले आहेत. मळकट पासपोर्ट फोटोवरून तू माणूस उभा करतोस. याचा तर चेहरा तुला पाठ आहे.

पोळ्यानंतर गोटमारीत दोन्ही गावांची नदीवर दगडफेक चालली असताना आमच्या घरमालकांच्या पायाला दगड लागला. सावरगावकडचा होता की आपल्याकडचा, यावर ते अजून वाद घालून राहिले, म्हणजे तब्येत चांगली आहे. ह्यांचा नमस्कार. डबा नीट खात जा.

तुझ्या मायेतली,
स्मिता

---

सौंसर,
१८ ऑक्टोबर २०२४

चि. स्मितास आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, कारण उत्तर नव्हतं. आताही थोडंच आहे.

कोजागिरीला इथे गाण्याचा कार्यक्रम झाला. मी लवकर जाऊन बसलो आणि सवयीने शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला. जो येईल तो विचारायचा, कोणी आहे का. मी म्हणायचो, येऊन राहिला. कार्यक्रम सुरू झाला तरी खुर्ची रिकामी आणि मागे लोक उभे. तेवढ्यात आणखी कोणीतरी विचारलं. मी वर न पाहता तेच सांगितलं. त्यावर बाईचा आवाज आला की तो काही आता येत नाही भाऊ, मी बसू का.

विजयमालावहिनी होत्या. मी रुमाल उचलला.

त्या म्हणाल्या, लग्न झाल्यापासून हा माणूस संध्याकाळी तुमच्यासंगं निघून जायचा, तिथे एवढं काय असते ते पाहायला आली.  त्यांनाही आमच्यासोबत यावंसं वाटत असेल, हे आम्हा दोघांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दोन गाणी ऐकून त्या म्हणाल्या की घरी याहून चांगलं होत होतं. मी विचारलं, काय होत होतं? तर सुधाकर घरी गेला की स्वयंपाकघरात उभा राहून त्यांना सगळा कार्यक्रम करून दाखवायचा. गायक, तबलजी, पेंगणारे अध्यक्ष, सगळे. आणि सगळ्यात शेवटी मी.

मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, माझं काय करायचा? वहिनींनी तिथेच करून दाखवलं. मान आखडली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, एक डोळा मिटला आणि अंगठा पुढे धरून गाणाऱ्या बाईचं माप घेतलं. पुढच्या रांगेतले वळून पाहू लागले. वहिनी हसल्या, मग पदर तोंडाला लावून बराच वेळ रडल्या. मी गाणाऱ्या बाईकडे पाहत राहिलो. काय गायली ते सांगता येणार नाही.

घरी न जाण्याचं कारण तसबीरच. तीनदा काढली. तिन्ही वेळा तो मी काढतो त्या सगळ्या मेलेल्यांसारखा झाला: शांत, समाधानी, सगळ्यांचं सगळं पटल्यासारखा. सुधाकरला कोणाचं कधी पटलं? असली तसबीर घेऊन त्या घरी कसा जाऊ?

कळावे. काळजी करू नको, केलीस तर लिहून कळव.
दादा

---

पांढुर्णा,
२४ ऑक्टोबर २०२४

ती. दादास सा. नमस्कार.

तुझी नक्कल तर सुधाकरभाऊंनी माझ्या लग्नात अख्ख्या मांडवासमोर केली होती. तू तेव्हा कमानीवर नावं रंगवत होतास. तुला आजवर माहीत नव्हतं, याचंच आम्हाला नवल वाटून राहिलं. आता तसबिरीवाचून जा, पण जा.

स्मिता

---

सौंसर,
२० नोव्हेंबर २०२४

चि. स्मितास आशीर्वाद.

गेलो. कागद-पेन्सिल घेऊन गेलो. वहिनींना म्हटलं, तो कुठे उभा राहायचा ते दाखवा. ओट्याजवळ, पाठ खिडकीकडे. त्या सांगत गेल्या आणि मी काढत गेलो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक डोळा मिटलेला, अंगठा पुढे. मी होऊन दाखवणारा सुधाकर. रंग भरून दिवाळीनंतर नेऊन दिली. वहिनींनी खूप वेळ पाहिली आणि म्हणाल्या, हाच.

बैठकीत लावून त्यांनी हार घातला. आता पंचाईत अशी झाली की येणाऱ्याला तो मीच वाटतो. परवा तुझ्या सासरचे भगवंतकाका वहिनींना भेटायला आले, चपला काढल्या, तसबिरीला हात जोडले आणि म्हणाले, अरविंद कधी गेला, मला कोणी कळवलं कसं नाही. मी खालीच दिवाणावर चहा पिऊन राहिलो होतो. माझ्याकडे नजर गेल्यावर त्यांना धरून बसवावं लागलं. वहिनी इतक्या हसल्या की शेजारची अंबाबाई काय झालं म्हणून धावत आली. तेरवीपासून त्या घरात हसण्याचा आवाज नव्हता, असं ती म्हणाली.

काल एकपात्री प्रयोग होता. सुटल्यावर मी वहिनींकडे गेलो आणि जमेल तसा करून दाखवला. मला नकला येत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, तुम्हाला काहीच सांगता येत नाही भाऊ, पुढच्या कार्यक्रमापासून मीच संगं येते.

सर्वांना यथायोग्य. आहे ती माया पुरेशी आहे, तेवढी राहू दे.
तुझा दादा,
अरविंद