तेलाचा हात

रामला, १२ फेब्रुवारी १९६४

प्रिय पेनी,

हे पत्र आधी एकटीने वाच. गिदोन घरात असला तर पिठाच्या डब्यामागे सारून ठेव आणि तो बंदरावर गेला की काढ. पाकिटाला मी गोंद दोनदा लावला आहे. इथल्या पोस्टातली चष्मेवाली बाई माझं पाकीट उलटंपालटं करून बघते. तिला मराठी काडीचं येत नाही, हे ठाऊक असूनही माझा तिच्यावर भरवसा नाही. हसू नकोस. आई म्हणायची ना, की हॅना दूधवाल्यावर तर सोडच, त्याच्या म्हशीवरसुद्धा संशय घेईल. घेतेच मुळी. मुंबईत तीस वर्षं काढली ती डोळे उघडे ठेवूनच काढली.

आमचे हे बरे आहेत. मागच्या महिन्यात मलाच खोकल्याने धरलं होतं. कुपत खोलिमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने तीन दिवस घरी बसवलं. त्या तीन दिवसांचं पुढे सांगते, विसरू देऊ नकोस. तू लिहिलंस, की गिदोन गोण्या उचलतो आणि संध्याकाळी त्याला पाठ सरळ करता येत नाही. जेवताना खुर्चीला उशी लावून बसतो, हेही लिहिलंस. ज्या माणसाने वजनकाट्यावर थेंब मोजले त्याने गोण्या उचलाव्यात, हे बरं नव्हे.

आमच्या कारखान्यातलं काम गिदोनने तुला सांगितलं असेल, तरी माझ्या तोंडून ऐक, नाहीतर पुढचं कळायचं नाही. होडी करायची असो की पाण्याची टाकी, आधी साच्याला मेण चोळतात. मग काचेच्या धाग्यांची चटई असते, पांढरी, कापसाच्या गादीसारखी दिसते पण अंगाला अशी खाजते की विचारू नकोस. ती हाताने फाडून साच्यात बसवायची, वरून काकवीसारखी राळ ब्रशाने लावायची, रूळ फिरवून हवा काढायची, की पुन्हा चटई, पुन्हा राळ. राळेत कडक होण्याचं औषध मिसळून देणं हे गिदोनचं काम. औषध जास्त झालं तर राळ बादलीतच दगड होते, कमी झालं तर साच्यात ओलीच राहते. आमच्या टेबलावर मी, राहेल आणि शोशाना, तिघी आपल्याच. बाकीची दोन टेबलं दुसऱ्यांची.

मागच्या उन्हाळ्यात माल सुटायला लागला. वरून चकचकीत, आणि नखाने उचकटलं तर आत थर वेगळे, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. एक होडी तर तुमच्या एलातहूनच परत आली, तळ फुगलेला. नशीब, की होडीत माणूस बसायच्या आधी तिथल्या एकाने टिचकी मारून बघितली. फोरमन यिगाल तीन दिवस सगळ्यांवर डाफरत होता. चौथ्या दिवशी त्याला कुणीतरी जाऊन सांगितलं, की गिदोन औषध कमी घालतो, डोळ्यांनी पाहिलं आहे. यिगालने लपून बघितलं, तर खरंच कमी घालत होता. दारफाळणीच्या उपासाला चार दिवस असताना त्याला काढला, आणि कागदावर लिहून दिलं, निष्काळजीपणा. तो कागद बघून लिश्कातल्या, कामं वाटणाऱ्या माणसाने त्याला दुसऱ्या कुठल्या कारखान्यात पाठवलं नाही. तेव्हापासून तुमचं एलात, आणि सांगणारी राहेलच असं धरून तेव्हापासून तुझं तिच्याशी बोलणं बंद. तिच्या मुलाच्या बारमित्सवालाही तू आली नाहीस. ती मला विचारत होती, पेनीचं माझ्याशी काय बिनसलं? मी म्हटलं, बस लांबची आहे, काय करणार.

आता खरं सांगते. गिदोन मला पहिल्यापासून पटला नव्हता. हा इथेच जन्मलेला, आईबाप पोलंडचे, आपल्या पोरीत याने काय पाहिलं? टेबलापाशी आला की बोलायचा नाही, खिशातून एक छोटी वही काढून काहीतरी टिपायचा. मला वाटायचं, आमचंच टिपतो. तुमच्या लग्नाच्या वेळी धर्मगुरूंच्या त्या कचेरीत आपल्या आजीचे, पणजीचे कागद मागितले. आपण ज्यू आहोत की नाही याचा जणू पुरावा द्यायचा. तेव्हा हा रोज कामावरून सुटून तुझ्याबरोबर त्या बाकावर बसायला यायचा. त्याचे आईबाप म्हणत होते सोड, आणि हा म्हणाला, हिचे कागद लागणार असतील तर माझेही तपासा. सगळे त्याचं कौतुक करत होते. मी मात्र घरी येऊन ह्यांना म्हटलं, एवढा चांगुलपणा फुकटचा नसतो. इतकी मी वाईट.

गिदोन गेला, आणि माल सुटायचा काही थांबला नाही. थंडी पडली तरी सुटतोच आहे. मी म्हटलं, राळेचं पिंपच जुनं असणार. मग मला कोठारावरच्या रुमानियाच्या म्हाताऱ्याचा संशय आला, की हा पिंपात पाणी घालतो. मग राहेलचा आला, की ही घाईत रूळ फिरवत नाही. दोन आठवडे मी तिच्या मनगटाकडे बघत काम केलं. ती बिचारी माझ्यापेक्षा नीट फिरवते.

अशात जानेवारीत हैफाच्या प्रयोगशाळेतून एक इंजिनियर आली. झेहावा नाव, पंचविशीची पोर, पाटलोण घातलेली, काखेत वही. परत वही! आम्ही तिघींनी ठरवून टाकलं, की ही माणसं कमी करायला आली आहे. राळ आणि काच एकदम फवारणारं यंत्र येणार, असं वर्षभर ऐकतच होतो. मी शोशानाला बजावलं, विचारेल त्याला हो किंवा नाही, तिसरा शब्द बोलायचा नाही. तर ही काय करी, प्रत्येक टेबलाच्या मालातून पट्ट्या कापी, त्यावर तारीख आणि टेबल लिही, आणि चिमट्यात धरून ओढून बघे. आठवड्याभरात तिला कळलं, की सुटतो तो माल आमच्याच टेबलाचा. बाकी दोन टेबलांचा ठणठणीत. राळ तीच, पिंप तेच. मी म्हटलं, झालं, आता हिंदुस्थानच्या बायकांना काम येत नाही म्हणून लिहिणार.

ती मला विचारायला आली, हे काम तुम्हाला कुणी शिकवलं. मी म्हटलं, यिगालने एक दिवस करून दाखवलं. किती वेळ? म्हटलं, सकाळच्या चहापर्यंत. ती कपाळाला हात लावून बसली. सांगत होती, की साऱ्या देशात हे काम समजून करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी आहेत, राळ आणायला पैसे मिळतात, माणसं शिकवायला मिळत नाहीत. पेसाहच्या सणानंतर हैफाला सहा महिन्यांचा वर्ग निघणार आहे, आमच्या कारखान्यातून एकाला घेतील. मी मनात म्हटलं, गोड बोलून पोटातलं काढते आहे.

आता ते तीन दिवस. मी खोकल्याने घरी होते, आणि त्या तीन दिवसांचा आमच्या टेबलाचा एकही तुकडा सुटला नाही. झेहावाने सगळ्यांना विचारलं, या दिवसांत काय बदललं होतं. शोशाना म्हणाली, काही नाही, फक्त हॅना नव्हती. सगळे हसले. मी परत गेले तर झेहावाच्या वहीत माझं नाव, पुढे प्रश्नचिन्ह. ती हात धुवायला गेली तेव्हा मी वाचलं. मला वाटलं, राहेल आणि शोशानाने मिळून माझ्याविरुद्ध कट केला आहे, मी नसताना मुद्दाम चांगलं काम केलं. दोन दिवस मी त्यांच्याशी तोडून बोलले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागताना मी माझं कपाट उघडलं, बाटली काढली, हातांवर तेल घेतलं आणि राहेल, शोशाना नेहमीसारख्या ओंजळ पुढे करून उभ्या राहिल्या. तिथेच माझा हात थांबला. पेनी, तुला आठवतं, रेवदंड्याला आई फणस कापायला बसली की आधी हातांना तेल चोळायची, विळीला चोळायची, म्हणजे चीक चिकटत नाही? ही राळ अगदी तसल्या चिकासारखी, बोटांवर बसली की कातडं सोलल्याशिवाय निघत नाही. हातमोजे दिले होते ते पहिल्या आठवड्यात फाटले. उन्हाळा लागला तशी मीच म्हटलं, अगं तेल लावा, फणसाला लावतो तसं. लावलं, आणि काय सांगू, राळही चिकटेना आणि खाजही कमी. यिगालला आम्ही कळू दिलं नाही. आणि बाटली कुणी चोरेल म्हणून मी कुलपात ठेवायची, किल्ली माझ्या गळ्यात. मी तीन दिवस घरी, तर तेलही तीन दिवस कुलपात.

तरी माझं मन मानेना. तेलाने काही बिघडतं असं आपल्या घरात कधी कुणी ऐकलं आहे? आपण शनवार तेली, आजोबांच्या शनिवारी बंद राहणाऱ्या घाण्यावर वाढलेल्या पोरी, पडलो तर तेल, न्हाणं तर तेल, बाळंतिणीला तेल. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा मी दोन तळहाताएवढे तुकडे केले. एकाची चटई कोरड्या हाताने फाडली, दुसऱ्याची तेलाच्या. राळ एकाच बादलीतली. दोन दिवस वाळू दिले आणि सुरीचं टोक घातलं. कोरड्या हाताचा हलला नाही, सुरी वाकली. तेलाचा मात्र एका झटक्यात उघडला. मी तो तुकडा हातात धरून बाकावर बसले ती घंटा होईपर्यंत.

आज दुपारी मी तेलाची बाटली आणि दोन्ही तुकडे झेहावापुढे ठेवले आणि सगळं सांगितलं, फणसासकट. फणस म्हणजे काय हे सांगायलाच निम्मा वेळ गेला. मला वाटलं ओरडेल. ती एवढंच म्हणाली, “काच तेल प्याली की राळ धरत नाही, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कुणी सांगायला हवं होतं.” मग तिने यिगालला बोलावून विचारलं, की राळ मिसळणाऱ्याला का काढलं. यिगाल म्हणाला, उन्हाच्या दिवसांत तो औषध कमी घालायचा. ती म्हणाली, “मग त्याने बरोबरच केलं. उन्हात कमीच घालतात. कुणी शिकवलं त्याला?” कुणीच नाही, पेनी. त्या छोट्या वहीत तो उन्हाचा पारा आणि औषधाचे थेंब टिपत होता. झेहावाला आता तो हवा आहे, हैफाच्या वर्गासाठी. रविवारी तिचा रिपोर्ट जाईल, त्यात तेलाचं लिहिलेलं असेल, खाली माझी सही आहे. तो निष्काळजीपणाचा कागद यिगाल परत घेणार आहे. गिदोनने एक मार्चच्या आत इथे येऊन वर्गाच्या कागदावर सही करायची. माझं काय होईल ते अजून कुणी बोललेलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

एवढंच असतं तर तार केली असती. पत्र लिहिलं ते पुढच्यासाठी. यिगालला जाऊन सांगणारी राहेल नव्हती. मी होते. मी डोळ्यांनी पाहिलं होतं ते खरंच होतं, त्याने त्या दिवशी औषध कमीच घातलं होतं, आणि का रे बाबा कमी घालतोस, एवढं त्याला विचारायचं सोडून मी फोरमनकडे गेले. मग दारफाळणीला दिवसभर उपाशी बसून साऱ्या पापांची माफी मागितली, हे एक सोडून. तू राहेलवर संशय घेतलास तेव्हा मला बरंच वाटलं, हेही लिहून ठेवते. उद्या मी राहेलच्या घरी जाऊन तिला सांगणार आहे. गिदोनला मात्र मराठी वाचता येत नाही, आणि माझी हिब्रू लिश्कापुरती आणि बाजारापुरती, त्यात हे मावत नाही. म्हणून हे काम तुझ्यावर टाकते. आता तो घरी आला की डब्यामागून पत्र काढ आणि पहिल्या ओळीपासून त्याला हिब्रूत सांग. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू माझी बाजू सावरून घेशील. तसं करू नकोस. जिथे मी वर ‘कुणीतरी’ लिहिलं आहे, तिथे माझं नाव घे. मग तो इथे सही करायला आला आणि माझ्या दारावरून तसाच पुढे गेला, तरी मी समजेन. आत आला तर देवाचे आभार मानायच्या मलिद्याला पोहे भिजवून ठेवीन.

तुझीच, अजून तशीच संशयी,
हॅनाताई