सोड्यावर फुगलेला समुद्र

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं बरं दिसत नाही. तरी मी रागावलेली आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असा नियम कुणी केला ठाऊक नाही. ज्याने केला त्याला बहुधा पुष्कळ काही झाकायचं असेल. मी थकले आहे. गुडघे थकले, डोळे थकले, आणि सगळ्यांत जास्त थकले ती तुम्ही रचलेली एक गोष्ट ऐकून ऐकून. त्या गोष्टीत मी फार शूर आहे. त्या गोष्टीतला केक मी केला होता, एवढं खरं. बाकीचं सगळं तुमचं.

साठ साल उलटून एक-दोन वर्षं झाली होती. माझी सीनियर केंब्रिजची परीक्षा संपली होती आणि निकाल यायचा होता, म्हणजे मुलीला घरातून काढायला सगळ्यात सोयीचे दिवस. धारवाडकडचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, कारवारला बंदराच्या कामावर. तुम्ही चिकपेटच्या कापडाच्या दुकानातून संध्याकाळी घरी आलात, टोपी खुंटीला लावलीत आणि पाय धुवायच्या आधीच मला हाक मारलीत. "मुलगा समुद्रावर काम करतो. तू शाळेत शिकलीस तो केक कर. तीन थरांचा. वर समुद्र काढ."

"अण्णा, मी समुद्र पाहिलेला नाही."

"मी तरी कुठे पाहिलाय? निळा असतो. सगळ्यांना ठाऊक आहे."

आई आतून म्हणाली, "पोहे करू की. चालत आलेलं आहे."

"पोहे सगळ्यांच्या मुली करतात. नऊ वर्षं कॉन्व्हेंटात घातली ती पोह्यांसाठी?"

मग मी सांगितलं की केकला अंडी लागतात.  आपल्या घरात अंडं हा शब्दसुद्धा भाजीवाल्याशी भांडताना कधी निघाला नव्हता. तुम्ही शर्टाचं बटण चाळत बसलात आणि हळू आवाजात विचारलंत, "किती?" मी म्हटलं, सहा. "स्वल्प कमी नाही करता येणार?" मी म्हटलं, कमी केली तर केक नाही, भाकरी होईल. तुम्ही मान हलवलीत. "सरी, चालेल. पण परसात कर. भांडी वेगळी. आणि कुणी विचारलं तर सोड्यावर फुगतो म्हणायचं. सोडा घालतेस ना?" चिमूटभर घालते, मी म्हटलं. "मग खोटं कुठे आहे?" असं म्हणून तुम्ही पाय धुवायला गेलात. वकील व्हायचं सोडून तुम्ही कापड का मोजत बसलात, हे मला कधी कळलं नाही.

अंडी तुम्ही कॅन्टोन्मेंटातून आणलीत. जेवणाच्या डब्याच्या तीन पुडांत दोन-दोन, कापसात गुंडाळून. येताना बसमध्ये गर्दी होती आणि दुकानातले एक सोबती म्हणाले, "द्या की डबा, मी धरतो." तुम्ही म्हणालात, "नको, सार आहे, सांडेल." घरी येऊन हे सांगताना तुम्ही लहान मुलासारखे हसत होतात. मला तो चेहरा अजून दिसतो आणि राग जरा ढिला पडतो, म्हणून तो मी लवकर पुसून टाकते.

स्थळ यायच्या दिवसाची सकाळ आहे. परसात शेवग्याच्या झाडाखाली मी पाट टाकून बसले आहे. शेगडीवर जाड पातेलं, त्यात वाळू, वाळूवर डबा, झाकणावर निखारे. ओव्हन फक्त शाळेत होता. तिथली स्वयंपाक शिकवणारी सिस्टर सांगायची की केकला घाई कळते. आईकडे रवी मागितली तर ती दारातूनच म्हणाली, "घे, पण ती परत घरात येणार नाही, आणि तूसुद्धा आंघोळ केल्याशिवाय येणार नाहीस." म्हणून तुम्ही आणलेले दोन काटे सुतळीने एकत्र बांधले आणि त्यांनी अंडी फेटायला घेतली. शाळेत फेटायला हँडलचं यंत्र होतं. इथे माझा हात होता. फेस पांढरा व्हायला हवा, मग दाट, मग असा की भांडं उलटं केलं तरी पडू नये. चाळीस मिनिटं लागली. मधे तुम्ही आलात, बाह्या वर केल्यात, "दे इकडे" म्हणालात आणि फेटलीत. किती, ते मी सांगते, कारण पुढे हे लागणार आहे: पाच मिनिटं. मग मनगट धरून म्हणालात, "हे काम हमालाचं आहे," आणि पेपर वाचायला गेलात.

निळा रंग कुठून आणायचा हा प्रश्न होता. वाण्याकडे खायचा रंग लाल आणि पिवळा, बस. शेवटी शेजारच्या कुंपणावरची गोकर्णाची फुलं आठवली. तुम्ही ती देवाच्या नावाने मागून आणलीत आणि मी ती गरम पाण्यात कुस्करली. काय सुरेख निळं पाणी निघालं! बाजूला ठेवलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात पिठीसाखर घोटली, त्यात ते निळं घातलं, आणि सिस्टरने शिकवल्याप्रमाणे आयसिंग घट्ट व्हायला लिंबू पिळलं. डोळ्यांदेखत समुद्र वांग्याच्या रंगाचा झाला. मी रडायच्या बेतात. तुम्ही वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "संध्याकाळचा म्हण." मी ओरडले, "अण्णा, संध्याकाळी समुद्राचं वांगं होत नाही!" तुम्ही म्हणालात, "तुला काय ठाऊक, तू पाहिलास?" मग दुसऱ्या वाटीत लिंबू घातलंच नाही, आणि तो निळा राहिला. जांभळं आयसिंग मी खालच्या थराला लावलं, खोल पाण्यासारखं, वर निळं, आणि कडेला चमच्याच्या पाठीने ओढून लाटा काढल्या. किनाऱ्याला भाजलेला रवा आणि पिठीसाखर, त्याची वाळू. मासे हवे होते, तेव्हा आईने न विचारता संक्रांतीचे साखरेचे साचे दारात आणून ठेवले. त्यात मासा होता, पोपट होता, हत्ती होता. "मासा साखरेचा आहे ना, मग चालेल," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, "आई, तुझं शास्त्र मला शिकव एकदा." ती म्हणाली, "तुला शिकवणारे तिकडे टोपी घालून पेपर वाचत बसलेत."

संध्याकाळी ते चौघे आले. मुलगा, त्याचे वडील, आई आणि मामा. वडील सबंध वेळ पंख्याकडे पाहत होते. मामा आल्याबरोबर केकवर वाकले. "अहो, मासे पण आहेत की!" तुम्ही घाईने म्हणालात, "साखरेचे, साखरेचे." सगळे हसले. मी साडीचा पदर दोन्ही हातांनी धरून उभी, कारण पिन निसटली होती. मुलगा सावळा होता, कानांजवळ उन्हाने रापलेला. त्याने केक नीट पाहिला, खरोखर पाहिला, जसा नकाशा पाहतात, आणि मला म्हणाला, "लाटा किनाऱ्याकडे येतात. तुमच्या मात्र आत चालल्यात."

मी म्हटलं, "माहेरी निघाल्या असतील."

तो हसला. तोंडावर हात न धरता, मोठ्याने. त्याच्या आईने त्याच्याकडे पाहिलं, आणि तुम्ही माझ्याकडे. तेवढ्यावरून माझं काय झालं हे तुम्हाला कळायला हवं होतं, अण्णा. मुलीचे बाप म्हणवता. कापडाचा पोत अंधारात बोटांनी ओळखायचात.

केक कापला. आत थर सारखे, मऊ, मधे पेरूची जेली. त्याच्या आईने एक तुकडा खाल्ला, मग दुसरा मागून घेतला. मी मनातल्या मनात सिस्टरला सांगत होते की बघा. आणि मग त्या बाई म्हणाल्या, "एवढा कशावर फुगतो हो?"

तुम्ही म्हणालात, "सोड्यावर."

"नुसत्या सोड्यावर? मग काय विशेष! आमची भाची तर ढोकळाच करते. सोडा काय, कुणीही घालेल."

माझा उजवा हात खांद्यापासून दुखत होता. पदर धरवत नव्हता. मी म्हटलं, "सोड्यावर नाही फुगत. सहा अंडी आहेत त्यात. चाळीस मिनिटं फेटली आहेत."

त्या बाईंच्या तोंडात घास होता. तो गिळताही येईना, टाकताही येईना. मामांनी बशी खाली ठेवली, अशी, की जणू ती चटका देत होती. आतून आईच्या हातातलं काहीतरी पडलं. आणि तुम्ही उठून उभे राहिलात, टोपी सारखी केलीत आणि शांतपणे म्हणालात, "अंडी मी आणली. फेटली पण मीच. मुलीकडे काही दोष नाही."

पाच मिनिटं, अण्णा! पाच मिनिटं फेटलीत, आणि माझं सगळं काम तुमच्या नावावर. तुम्ही मला वाचवत होतात हे मला त्या वेळी कळलं नाही. मला एवढंच दिसलं की आधी सोड्याने माझं श्रेय घेतलं आणि आता तुम्ही घेताय. मी तोंड उघडणार होते, पण ते लोक चपला शोधायला लागले होते. मुलगा आईच्या मागोमाग गेला. एकदा वळून पाहिलं असेल किंवा नसेल; मी लाटांकडे बघत होते. त्याच्यावरही मला राग आहे, पण त्याचा पत्ता माझ्याकडे नाही. तुमचाही नाही म्हणा.

दुसऱ्या दिवशी मी परसात ती भांडी घासत होते. तुम्ही दुकानाला निघता निघता माझ्याजवळ थांबलात. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही म्हणालात, "शिकायचं होतं तर सरळ सांगायचंस. त्या बिचाऱ्या बाईच्या तोंडात अंडं कशाला?" तुमच्या आवाजात राग नव्हता. एक कौतुकच होतं, दबलेलं. मी राखेचे हात तसेच धरून तुमच्याकडे पाहिलं. संध्याकाळी तुम्ही कॉलेजचा फॉर्म घेऊन आलात.

त्यानंतर काय काय झालं ते तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण मी पाहत होते. थोरल्या काकांच्या घरच्या श्राद्धाला तुम्हाला बोलावणं येईना. लग्नाच्या पंगतीत तुमच्या शेजारी लोक बसेनात. तुम्ही ताटावर बसून आधी पाणी प्यायचात आणि इकडेतिकडे पाहायचं टाळायचात. आणखी तीन स्थळं आली. तुम्ही दारातूनच परतवून लावलीत. "माझ्या मुलीला शिकायचं आहे," असं सांगायचात, छाती काढून. मी आतून ऐकायचे. बी.ए. झाले, मग नोकरी लागली, सरकारी, पक्की. आईने माझ्याशी बोलणं कमी केलं आणि तुम्ही वाढवलंत. येईल त्या पाहुण्याला तुम्ही ती गोष्ट सांगायला लागलात. "सगळ्यांच्या समोर! भीत नाही ती!" दर वेळी गोष्टीत माझा आवाज थोडा चढायचा. शेवटी शेवटी तर मी त्या मामांना दार दाखवत होते.

आता तीच गोष्ट घराण्यात चालते. परवा तुमची पणती, माझ्या धाकट्या भावाची नात, आली होती. महादेवपुराला कुठल्यातरी मोठ्या कंपनीत आहे, मराठी बोलते पण तीन शब्दांमागे एक इंग्रजी. माझ्या गुडघ्यांशी खाली बसून म्हणाली, "अज्जी, त्या काळात तू एवढी क्लिअर होतीस? तुला माहीत होतं की तुला लग्न नको?" तिचं स्वतःचं काहीतरी अडलेलं आहे हे मला दिसत होतं. तिला उत्तर हवं होतं, आणि ते ठाम हवं होतं.

अण्णा, मला काही माहीत नव्हतं. मला माझ्या हाताचा अपमान सहन झाला नाही, बस. सतरा वर्षांच्या मुलीचा गर्व होता तो, त्यात शिक्षण नव्हतं की स्वातंत्र्य नव्हतं. नोकरी मला पुढे आवडली, हे खोटं नाही. पस्तीस वर्षं मी कुणाच्या बापाला भीक घातली नाही. पण तुम्ही त्या सकाळी परसात थांबलात तेव्हा एक प्रश्न विचारायला हवा होतात, आणि तुम्ही उत्तरच हातात दिलंत. मी ते घेतलं. आधी भीतीने घेतलं, आणि नंतर, पंगतीत तुम्हाला एकटं बसलेलं पाहिल्यावर, ते परत कसं करणार होते? एवढं सगळं सोसून झाल्यावर तुम्हाला सांगायचं, की अण्णा, तुमचा काहीतरी गैरसमज झाला?

मी त्या मुलाला हो म्हणणार होते.

हे पत्र पाकिटात घालून ठेवण्यासारखंही नाही. उद्या कामवाली येईल तेव्हा रद्दीत जाईल. पणतीला मी काय सांगितलं ते मात्र तुम्हाला सांगून टाकते. मी म्हटलं, "हो, माहीत होतं." आणि मग तिला ती गोष्ट सांगितली, तुम्ही सांगायचात तशी, छाती काढून.