जुनी साडी

गुरुवार, १२ डिसेंबर. संध्याकाळचे सात.

बोलून तर बसले.

रविवारी उमरेडला पुतणीचा साखरपुडा. दुपारी मोठ्या जाऊबाईंचा फोन आला, "सांबारवड्या तुलेच कराच्या आहेत वं. येताना जुनी साडी घेऊन येजो." दर कार्यात हेच. नवी साडी नेसून जायचं आणि पोचल्याबरोबर जुनी नेसून सांबारवड्यांसाठी कोथिंबीर निवडायची, वड्या भरायच्या, कढईपुढे बसायचं. बारा वर्षं झाली, एकाही फोटोत मी नाही. मागच्या खेपेला पंगतीत बसले, तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू काहून बसली? तळण कोण पाहीन?"

आज म्हटलं, "ताई, मी येईन. पण या वेळी कढईपुढे नाही बसणार. मले बी पंगतीत बसाचं आहे."

त्यांनी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. बरं म्हणजे काय? रागावल्या? आता घरभर सांगतील? आणि पुतणी? काकूच्या वड्या म्हटलं की नाचते पोरगी. तिचा काय दोष?

हे ऑफिसातून आले. ऐकून म्हणाले, "बोलली ते ठीक वं, पण साखरपुड्याच्याच वेळी काहून?"

मग कधी?

जरा जास्तच झालं का? नाही. नाही झालं.

जीव रमेना म्हणून रविवारची बॅग भरायला काढली. उघडली, तर तळाशी जुनी साडी. नीट घडी घातलेली. सकाळीच ठेवली होती, मीच. फोन यायच्या आधी.