जादूगाराची वाट सांगायची राहिली

काशादादा,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. आज रविवार. दुपारी अडीच वाजता मी तुझ्या कॉम्प्युटरसमोर बसलो होतो आणि माउस टेबलावर इतक्या जोरात आपटला की वहिनी हातातलं नागलीचं सूप टाकून धावत आली. माउस फुटला नाही. पण माझा इरादा फोडायचाच होता. तुझं डोकं हाताशी नव्हतं, म्हणून माउस.

आता उन्हं उतरलीत, चहा पिऊन झालाय आणि राग तसाच आहे. म्हणून लिहितोय. माणूस गेला की त्याच्यावर चिडू नये म्हणतात. भातकापणीपासून आजपर्यंत मी चिडलो नाही. लोक ओट्यावर येऊन म्हणाले, “चांगली माणसंच देव आधी नेतो.” मी मान हलवली. आज नाही हलवणार. देवानं नेलं नाही तुला. तू तुझ्या पायांनी गेलास, आणि गाडीला लाइट नव्हता!

सुरुवात कुठून करू? सकाळपासून करतो.

सकाळी सोनूकाका आले. पाड्याचे कारभारी येतात तसे, काठी दाराला टेकवून, इकडचं तिकडचं बोलत. मग म्हणाले, “दिनेश, चैत्रात बोहाडा आहे, देवांची सोंगं नाचवायची. तुमच्या घरचा नरसिंह औंदा तू.”

“काका, मी मुखवटा बांधणारा आहे. नाचणारा नाही.”

“बांधणारे पन्नास भेटतील. ह्या घरात दुसरं डोकं कुठं आहे आता?”

असं तोंडावर! माळ्यावर गोधडीत गुंडाळलेला तो मुखवटा तुझ्या डोक्याच्या मापाचा. संबळ सुरू झाला की तू तो चढवून अंगणभर गरगरायचास आणि बायका पोरांना मागं ओढायच्या. तुझ्या मानेमागं फडक्याची गाठ मारायचो मी. एकदा मारून पुन्हा ओढून बघायचो. तू आतून ओरडायचास, “मास्तर, फाशी देतोस का?” ते काम मला जमत होतं. त्यावर माझं बरं चाललं होतं. मला कोणी विचारलं होतं का, नरसिंह होशील का म्हणून?

सोनूकाका गेले आणि मी सरळ तुझा कॉम्प्युटर लावला. कुठं तोंड लपवायचं ते कळेना म्हणून.

तिथंही तेच. माझा म्हातारा जादूगार अजून त्या दगडी दारासमोर उभा. पडद्यावर तीन चित्रं. तिन्हींतलं एक निवड, मगच दार उघडेल, आणि एकदा निवडलं की बदलता येणार नाही. तू गेल्यापासून मी दर रविवारी हाच पडदा बघतोय. दर रविवारी तो बंद करून मागच्या जुन्याच लढाया पुन्हा खेळतोय. कारण निवडणारा मी नाहीच! निवडणारा तू होतास!

हा नियम कोणी केला? तूच केलास. आठवतंय ना? ठाण्याला सेंटरिंगच्या कामावर असताना कुठल्या तरी ऑफिसचं जुनं सामान निघालं आणि त्यातून तू हा डबा गोणपाटात बांधून एसटीनं आणलास. गेम त्यात आधीच होता. तिकडचा कोणी कामाच्या वेळेत खेळत असणार. दोघांनी मिळून खेळायचा, आळीपाळीनं. माउस एकच, आपली पाळी झाली की दुसऱ्याकडं सरकवायचा. पहिल्याच दिवशी ‘तुमचा माणूस बनवा’ असं आलं, आणि मी एकेक गोष्ट मोबाइलवर मराठीत करून वाचत बसलो. जेवणवेळ झाली तरी माझं नाक-डोळेच चाललेले. तू माउस ओढून घेतलास.

“आपल्यात सोंग कोण निवडतं रं?”

“म्हातारी माणसं देतात.”

“आणि आपण काय करायचं?”

“डोकं पुढं करायचं.”

“मग! तुझं मी करतो, माझं तू कर.”

मी तुला हातोडा घेतलेला लढवय्या केला, नाव दिलं काशा. खांदे रुंद ठेवले, तुझ्यासारखे. आणि तू मला काय केलंस? छातीपर्यंत पांढऱ्या दाढीचा जादूगार! का, तर मला दाढी येत नाही म्हणून. नाव ‘मास्तर’! अकरावी अर्धी सोडलेल्या माणसाला मास्तर म्हणायचं आणि वर हसायचं. मी खोडाळ्याच्या दुकानात लोकांचे फॉर्म भरतो. नावातली एक वेलांटी चुकली तरी माणसाला जव्हारला पुन्हा हेलपाटा पडतो, म्हणून मी तीनदा वाचतो. यात हसण्यासारखं काय होतं? तेव्हा विचारलं नाही. आता विचारतोय.

तरी चालू राहिलं आपलं. बरं चाललं. वरच्या पायऱ्या चढत गेलो, आणि कापणीच्या तोंडावर माझ्या जादूगारापुढं या तीन वाटा आल्या. पहिला आगवाला. तो दुरून आगीचे गोळे टाकतो, पण नेम चुकला तर आपलाच गडी होरपळतो. दुसरा राखणवाला, सोबत्याभोवती कवच उभं करतो, स्वतः फारसं मारत नाही. तिसऱ्याला तू मढेवाला म्हणायचास. तो पडलेल्यांना उठवतो, ते थोडा वेळ त्याच्यासाठी लढतात आणि पुन्हा पडतात.

“मढेवाला बेस आहे,” तू म्हणाला होतास. “मेलेल्यांना कामाला लावू नि आपण आंब्याखाली झोपू.”

“खरं सांग, दादा. हेच घेऊ?”

“थांब. विचार करू दे. घाईचं काम नाही हे.”

तू आणि विचार! तुला बैल घ्यायचा तर बाजारात पहिला दिसेल तो घ्यायचास. आणि माझ्या जादूगारासाठी आठ दिवस विचार! रोज विचारायचो, रोज ‘थांब’. मला वाटलं, पहिल्यांदाच हा माणूस माझी एखादी गोष्ट मनावर घेतोय. बरं वाटलं होतं रे मला.

मग तू झोडणीसाठी ताडपत्री आणायला जव्हारला निघालास. मी अंगणात गाडीसमोर उभा राहिलो होतो. खोटं सांगत नाही, वहिनी साक्षीला आहे.

“दादा, आधी लाइट बसव.”

“चांदणं आहे की.”

“चांदण्यात रस्त्यावर उभी गाडी दिसत नाही.”

“टेन्शन नको लेऊ, मास्तर. दिवस बुडायच्या आत घरी.”

“आणि माझ्या जादूगाराचं?”

तू किक मारलीस. मागं वळून हसलास. “ठरवलंय मी. एकदम पक्कं. आलो की सांगतो.”

एक शब्द होता, दादा! आग, राखण, मढं, यातला एक शब्द! गाडी चालू असतानाही सांगता आला असता. परतताना अंधार पडला, आणि घाटात एक डंपर लाइट न लावता उभा होता. त्याच्या मालकाला मी मनातल्या मनात काय काय म्हटलंय ते इथं लिहीत नाही, शुद्ध लिहिता येणार नाही. पण तुझ्याही गाडीला लाइट नव्हता. दोन आंधळी वाहनं एका वळणावर, आणि ताडपत्री तेवढी शाबूत! तिच्यावरच आम्ही भात झोडलं. माहीत आहे तुला? तिच्यावरच झोडलं.

तेव्हापासून मी तो शब्द शोधतोय. तू काय ठरवलं असशील? राखण म्हणाला असशील, कारण मी भित्रा. नाही तर मढं, कारण तुझी चेष्टा. कामावर लोकांचे फॉर्म भरताना हेच डोक्यात. एकाचा तालुका मोखाड्याऐवजी जव्हार लिहिला. मी! माझ्याकडून अशी चूक!

आज दुपारी मी त्या तीन चित्रांसमोर बसलो होतो आणि वहिनी दारात नागली पाखडत होती. म्हणाली, “अजून तिथंच अडलाय का तुझा म्हातारा?”

“दादानं ठरवलं होतं, वहिनी. पक्कं ठरवलं होतं. सांगायचं राहिलं.”

सूप थांबलं. आणि वहिनी हसली. तू गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून मी घाबरलोच.

“त्यानं? ठरवलं होतं?” ती म्हणाली. “अरे, त्या दिवशी सकाळी चपला शोधताना मला सांगत होता. मास्तरला नुसता झुलवतोय. तिकडून आलो की सांगणार, तुझं तू घे. मग बघ कसा चिडतो ते.”

तेव्हा मी माउस आपटला.

म्हणजे काही ठरवलंच नव्हतंस! आठ दिवस ‘थांब, थांब’ ही चेष्टा होती! आणि मी दर रविवारी एक नसलेला शब्द उकरत बसलो! असं करतात का लहान भावाशी? सख्खा नसलो तरी एकाच चुलीवरचं जेवलो ना आपण? मी ओरडलो. तुझ्या नावानं ओरडलो, वहिनीसमोर, घरात. मग लाज वाटली.

वहिनीनं सूप उचललं, सांडलेली नागली गोळा करायला लागली. खाली बघूनच म्हणाली, “चीड. चांगला चीड. मी रोज भाकरी थापताना त्याला शिव्या घालते. तुला काय वाटलं, तूच एकटा चिडलायस?”

मला खरंच तसं वाटलं होतं. एवढे महिने एका घरात राहून.

मी पुन्हा खुर्चीवर बसलो. तिन्ही वाटा नीट वाचल्या, पहिल्यापासून. मढेवाला नको. पडलेला माणूस थोडा वेळ उठणार आणि पुन्हा पडणार. ते मला डोळ्यांनी बघायचं नाही. राखणवाला? सगळे म्हणतील, दिनेशला हाच शोभतो. सावध पोरगा. पण मी राखून काय झालं? अंगणात गाडीसमोर उभा राहून राखतच होतो ना तुला? ऐकलंस का?

आग घेतली. माझ्या हातानं, माझ्या रागानं. ‘नक्की का?’ असं गेमनं विचारलं आणि मी एकदाही मागं न जाता ‘हो’ दाबलं.

दाबल्यावर लक्षात आलं. तुझं तू घे, हेच तू सांगणार होतास. म्हणजे मी ऐकलं ते तुझंच! गेलास तरी तुझाच हात वर! इतका राग आला की हसू आलं.

“काय घेतलंस?” वहिनीनं विचारलं.

“आग.”

“बेस. मग चूल पेटव, चहा टाकते.”

दार उघडलं. आत लांडग्यांची झुंड. मी पहिला आगीचा गोळा टाकला आणि त्यात तुझा काशा होरपळला. मुद्दाम नाही केलं. थोडं मुद्दाम केलं.

मग तुझी पाळी आली. हीच गोष्ट मला सगळ्यांत जास्त नको असते. गेम थांबतो. तुझ्या काशाखाली पिवळं कडं लागतं आणि गेम वाट बघत राहतो. कितीही वेळ बघतो. एकदा मी तसंच चालू ठेवून शेतावर जाऊन आलो होतो, तरी तो वाट बघतच होता. तुझा हातोडा मला चालवता येत नाही. चालवायला घेतला तर हात थांबतो. म्हणून मी नेहमी ‘पाळी संपव’ दाबतो आणि काशा नुसता मार खात उभा राहतो.

आजही तेच दाबणार होतो. वहिनी कप घेऊन मागं उभी होती.

“हा उभा का नुसता?”

“दादाची पाळी आहे.”

तिनं कप टेबलावर ठेवला. “सरक.”

“वहिनी, तुला येणार नाही.”

“त्याला तरी कुठं येत होतं? सरक.”

मी माउस तिच्याकडं सरकवला, तुझ्याकडं सरकवायचो तसा. तिनं कुठं दाबायचं ते विचारलं आणि सगळ्यांत मोठ्या लांडग्यावर हातोडा घातला. एकदा. पुन्हा पाळी आली, पुन्हा एकदा. तोंडानं तुला घालते त्याच शिव्या, भाकरीच्या वेळच्या. लांडगा मेला. ती म्हणाली, “अजून किती आहेत?”

अजून चार होते, दादा. चहा गार झाला.

आता ऐक. चैत्रात नरसिंह मी होईन. सकाळीच सोनूकाकांना होय म्हटलं नाही, उद्या सांगीन. गाठ तेच बांधतील, पण ती ओढून बघायला लावीन, एकदा नाही, दोनदा. मुखवटा मोठा होईल मला. आत फडकं भरीन. नाचताना पडलो तर हसू नकोस.

घरामागं तुझी गाडी वाकलेल्या हँडलनं उभी आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. देणार नाही. हँडल सरळ करीन आणि पहिल्यांदा लाइट बसवीन. दिवसाउजेडीसुद्धा लाइट लावूनच चालवीन, लोक हसले तरी. आणि निघताना कोणी काही विचारलं, तर ‘आलो की सांगतो’ असं म्हणणार नाही. उत्तर देऊनच किक मारीन. हा शब्द आहे माझा, आणि मी शब्द तीनदा वाचून देतो, तुला माहीत आहे.

राग गेला असं समजू नकोस.

तुझ्यावर अजून चिडलेला,
मास्तर
(तूच ठेवलेलं नाव. राहू दे.)