आमचं फाटक सोडून

दि. ३ मार्च

चि. भावजीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, तिकडेही तसंच असेल असं धरून चालते.

परवा पेपरात तुझा फोटो पाहिला. छोटीनं लगेच कापून भिंतीला लावला. दाढी नीट केली असतीस तर बरं झालं असतं, पण तेवढं सोडून कौतुक वाटलं. मग फोटोखालची बातमी वाचली आणि कौतुक जागच्या जागी आटलं.

रस्त्याकडे तोंड असलेल्या प्रत्येक इमारतीचा तळमजला म्हणे निम्मा काचेचा हवा. दार माणूस जाईल एवढंच. मोठी फाटकं, शटर, कोऱ्या भिंती बंद, आणि माल न्यायचा तो मागच्या बोळातून. नगररचना कार्यालयात बसून हे लिहिलं कुणी? तूच ना? तुझ्या दादांच्या सुतारखान्यात भुशात लोळत वाढलेला तू! आमच्या ओळीत पहिला आपला सुतारखाना, शेजारी पत्रेकाका, पुढे वेल्डिंगवाला, मग गादीवाली. सगळ्यांची फाटकं रस्त्यावरच उघडतात. पत्रेकाका दिवसभर पत्रा ठोकतात. त्यांच्या दुकानाला काच लावली तर ती किती टिकेल, हे साहेब होण्याआधी तुला कळत होतं.

काल ओळीत नोटिसा वाटल्या. आमची आली नाही, कुठेतरी अडकली असेल. आली की तुझं डोकं खायला बसणार आहे, तयारीत राहा.

धाकट्या जावेला आशीर्वाद सांग, आणि ती तुला कशी सहन करते तेही कळव. लोभ आहेच, आज जरा आखडता आहे.

तुझी
वहिनी

दि. ९ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी एकदा वाचलं, मग हिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. डोकं खायला मदत लागली तर ती तयार आहे, असं कळवायला सांगितलंय.

वहिनी, नियम काही उगाच लिहिला नाही. संध्याकाळी तुमची ओळ बंद झाली की त्या रस्त्यावर एक उघडी खिडकी उरत नाही. एकीकडे शटर, दुसरीकडे गोदामाची भिंत. छोटी क्लासवरून तिथूनच येते ना? मागच्या वर्षी कुणीतरी तिच्या मागे चालत आलं आणि हाक मारावी तर ऐकायला माणूस नव्हतं, हे तुम्हीच मला रडत सांगितलं होतंत. इमारतींनी पाठ फिरवली की रस्ता कुणाचाच राहत नाही. त्या दिवसापासून हा नियम माझ्या डोक्यात होता.

तुम्ही मात्र निर्धास्त राहा. तुमची नोटीस कुठे अडकलेली नाही, ती येणारच नाही. नियम लागू होतो त्या पट्ट्याची रेषा मी पत्रेकाकांच्या भिंतीपासून सुरू केली आहे. हे आपल्या दोघांतच राहू द्या.

तब्येतीला जपा. छोटीला गोड पापा.

तुमचा आज्ञाधारक (हसू नका)
दीर

दि. १४ मार्च

चि. भावजीस,
आशीर्वाद. आज एकच, तोही लिहायचा म्हणून.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या दोघांतच राहू द्या म्हणे! अरे, नकाशा पालिकेच्या फलकावर लागलाय. वेल्डिंगवाल्यानं रेषेवर बोट ठेवून सगळ्यांना दाखवलं. गादीवाली भर रस्त्यात म्हणाली की दीर असावा तर असा. मला वाचवलंस असं तुला वाटतंय ना? तू मला ओळीतून उठवलंस.

पत्रेकाकांचं वागणं जास्त लागलं. सकाळी त्यांच्याकडून चहाचा पेला यायचा, तो बंद झाला. मी आपण होऊन गेले, तर म्हणाले की ताई, तुमच्या घरातला माणूस आहे, तुम्ही तरी काय करणार. एवढं बोलून पत्रा ठोकायला लागले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

तुझे दादा गेले तेव्हा मी अंथरुणातून उठत नव्हते. रोज सकाळी आपलं फाटक कुणी उघडलं? पत्रेकाकांनी. स्वतःचं दुकान बंद ठेवून दारात बसायचे आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचे की सुतारखाना चालू आहे. तुझी परीक्षा होती, मीच तुला येऊ नकोस म्हटलं होतं, म्हणून तुला हे माहीत नाही. आता झालं माहीत.

छोटीचं लिहिलंस ते खोटं नाही. त्या रस्त्याची धास्ती मलाही आहे. पण फाटकं उघडी असतात तोवर तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघायची कुणाची टाप नाही, कारण आम्ही सगळे रस्त्याकडे तोंड करूनच काम करतो. प्रश्न अंधार पडल्यावरचा आहे, आणि त्याचं काय करायचं ते आम्हाला विचारायचं होतंस. तू उंटावरून शेळ्या हाकल्यास आणि घरची शेळी तेवढी बाजूला बांधून ठेवलीस.

रेषा मागे घे. आमच्या भिंतीपासून सुरू कर.

वहिनी

दि. १९ मार्च

ती. वहिनीस,
सा. न.

रागात लिहितोय. उणंअधिक झालं तर पोटात घाला.

रेषा मागे घेणार नाही. ती ओढताना माझा जीव वर-खाली झाला नसेल असं वाटतं तुम्हाला? कुणी तक्रार केली तर नोकरीवर येईल हे मला ठाऊक होतं. सगळी ओळ सोडली असती तर नियमच उरला नसता. एक दुकान मला सोडवता येत होतं, ते सोडवलं. दादा असता तर त्यानंही हेच केलं असतं.

उद्या सुतारखाना बंद पडला तर ही ओळ तुम्हाला जेवायला घालणार आहे का? छोटीचं पुढे काय? तुम्ही रंधा मारून मला शिकवलंत. एकदा, फक्त एकदा मला तुमच्यासाठी काही करू द्या. तेवढाही अधिकार नसेल तर मी तुमचा कोण, हे तरी सांगा.

पत्रेकाकांचं मला खरंच माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं. तरी उत्तर तेच आहे. ही दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये, हेही कळावे.

तुमचा
दीर

दि. २७ मार्च

चि. भावजीस,
अनेक आशीर्वाद.

तू माझा कोण, हे लिहायला तुझा हात कसा धजावला? पुन्हा असं लिहिलंस तर तिथे येऊन कान पिळीन. आणि दादांना मध्ये आणू नकोस. त्यांनी आधी आपलं फाटक स्वतः उतरवलं असतं आणि मग तुझ्याशी भांडायला आले असते.

तू रेषा हलवत नाहीस, तेव्हा मीच हलवली. सोमवारी तुझ्या कार्यालयात जाऊन खिडकीवर अर्ज दिला. नकाशात चूक आहे, सुतारखाना त्याच ओळीत, त्याच रस्त्यावर आहे, तोही धरावा. खिडकीवरची मुलगी म्हणाली की आम्हाला वगळा म्हणणारे रोज येतात, धरा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. तू वरच्या मजल्यावर होतास. मी जिना चढले नाही. अर्जात आपलं नातं कुठे नाही. चूक कुणाची असं विचारलंच, तर माहीत नाही म्हणेन. तेवढं खोटं तुझ्यासाठी बोलेन, आणि ते बोलावं लागणार याचाही मला राग आहे.

परवा नोटीस आली. ती घेऊन पत्रेकाकांकडे गेले. वाटलं, खूश होतील. ते असे भडकले की हातोडाच खाली टाकला. म्हणाले, आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेणारी एवढी शहाणी बाई आजवर पाहिली नाही. सगळी ओळ गोळा होईपर्यंत ओरडत होते. मग पोराला चहा आणायला पिटाळलं आणि माझी नोटीस शेवटपर्यंत वाचली. स्वतःची त्यांनी उघडलीच नव्हती, बाकीच्यांनीही खालपर्यंत वाचली नव्हती. हरकती ऐकायला पंधरा एप्रिलला सुनावणी आहे हे त्यामुळे सगळ्यांना कळलं.

आम्ही सगळे येतोय. फाटकं राहू द्या, क्लास सुटेपर्यंत आळीपाळीनं एक दुकान उघडं ठेवतो, बाहेर दिवे आम्ही लावतो, असं मांडणार आहोत. ऐकलं जाईल की नाही, देव जाणे. नाही ऐकलं तर सुतारखाना कसा चालवायचा ते मला सुचलेलं नाही. झोप लागत नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

त्या दिवशी टेबलापलीकडे तूच असशील, नोटिशीखाली सही तुझीच आहे. मी आवाज चढवून बोलणार आहे. तूही बिचकू नकोस, तुझं म्हणणं नीट मांड. फक्त त्या खोलीत मला वहिनी म्हणून हाक मारू नकोस. पत्रेकाका माझ्या शेजारी उभे असतील.

जावेला आशीर्वाद. ती माझ्या बाजूनं आहे हे कळलं, लोभ वाढला.

तुझीच, तो एक दिवस सोडून,
वहिनी